बाई बोलली म्हणजे झालं

शांबाभाऊजी फोन उलटा धरायचे. ऐकायची बाजू खाली आणि बोलायची बाजू कानाशी. सर्वणच्या तिठ्यावर बसची वाट बघत उभे असले की एखादा नवखा माणूस हमखास जवळ जाऊन सांगायचा, काका, फोन उलटा धरलाय. भाऊजी म्हणायचे, "हां, बरं झालं सांगितलंत," आणि सुलटा करायचे. तो माणूस बसमध्ये चढला की परत उलटा. मोठा आवाज येतो ती जाळी फोनच्या खालच्या अंगाला असते, आणि त्यांना ऐकायचं असायचं ते तिथूनच. पण हे ते कुणाला समजावत बसत नसत. एकदा मीच म्हटलं, सांगून का टाकत नाही? तर म्हणाले, "सांगितलं की तो विचारतो, डोळे नाहीत तर फोन कशाला. मग ते सांगा. त्यापेक्षा सुलटा धरलेला परवडला."

त्या जाळीतून एक बाई बोलायची. भाऊजींना जन्मापासून दिसत नव्हतं. डोळे नसलेल्यांसाठी फोनमध्ये एक सोय असते. काचेवरून बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन वाचून दाखवतो, आणि हवं ते सापडलं की दोनदा टिचकी मारायची. कागदासमोर किंवा पाटीसमोर धरला तर त्यावरची अक्षरंही वाचतो. वाचणारा आवाज बाईचा. भाऊजी तिला नुसतं 'बाई' म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणू लागलो. बाईने सांगितलं आज अमावास्या. बाई म्हणते बँकेचा निरोप आलाय. आमच्या वस्तीत, म्हणजे वाड्यावर, काही वाद झाला, पंचमी कधी, बस किती वाजता, तर भाऊजी खिशातून फोन काढायचे, कानाशी उलटा धरायचे आणि निकाल द्यायचे: "बाई बोलली म्हणजे झालं."

मी त्यांची शेजारीण. माहेर मांद्र्याचं. लग्न होऊन सर्वणला आले तेव्हा आमच्या ह्यांनी कुंपणापलीकडे बोट दाखवून सांगितलं होतं, हा शांबा गावस, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, सख्ख्या भावासारखा. म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायची आणि ते मला वहिनी. मी तोंडाने फटकळ आणि डोक्याने तापट, हे सर्वणमध्ये शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ते इथे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे लागणार आहे.

भाऊजी डिचोलीत एका खाण कंपनीच्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. सगळे नंबर तोंडपाठ, आणि माणूस 'हॅलो' म्हणायच्या आधी नुसता श्वास घेतो त्यावरून ते ओळखायचे कोण आहे. एकदा एका सुपरवायझरने फोन केला, ताप आहे, अंथरुणातून उठवत नाही, साहेबांना कळवा. भाऊजी म्हणाले, कळवतो, तुम्ही विश्रांती घ्या. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "येताना पावशेर खाजं घेऊन या. तो तुमच्या मागे ओरडतोय तो खाजेवाला चांगलं देतो." सुपरवायझर जत्रेत होता. तो गोष्ट स्वतःच सांगायचा, आणि खाजं त्याने खरंच आणलं होतं. भाऊजींना खोटं लगेच कळायचं. पण कळलं तरी ते तोंडावर कधी म्हणत नसत. खाज्याची आठवण करून द्यायचे, बस्स.

पुढे खाण बंद पडली, कचेरी बंद पडली, आणि भाऊजी घरी आले. घरात त्यांची म्हातारी आई, आये. त्यांचं लग्न झालं नव्हतं. त्याचीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय फोनचं मोल कळणार नाही.

मी नवी नवरी होते तेव्हा मुळगावहून त्यांना एक स्थळ आलं होतं. बोलणी बरीच पुढे गेली होती. मग एक दिवस पत्र आलं. तेव्हा त्यांची सगळी पत्रं माझे सासरे वाचून दाखवायचे, आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर बसून, खणखणीत आवाजात. सासऱ्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांचा आवाज खाली गेला. सोप्यावर चारपाच माणसं होती, मी दाराआड उभी. भाऊजी म्हणाले, "वाचा पुढे." सासऱ्यांनी वाचलं. मुलीच्या बापाने लिहिलं होतं की आमची मुलगी जन्मभर कुणाची काठी व्हायला तयार नाही, राग मानू नये. भाऊजींनी हात पुढे केला, पत्र मागून घेतलं, नीट घडी घातली आणि घरी गेले. त्या मुलीच्या नकारापेक्षा तो चारचौघांत ऐकावा लागला हे त्यांना जास्त लागलं असणार. मला तरी तेव्हा तसंच वाटलं आणि अजून तसंच वाटतं.

म्हणून पन्नाशीजवळ त्यांच्या हातात बोलता फोन आला तेव्हा त्या माणसाचं काय झालं ते बघायला हवं होतं. पहिले पंधरा दिवस ते घराबाहेरच पडले नाहीत. मग एका सकाळी दारावर पाव विकणारा पोदेर आला तेव्हा सोप्यावर बसून त्यांनी त्याला वर्तमानपत्रातली मृत्यूची खबर वाचून दाखवली. पोदेराच्याच गावचा माणूस होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. त्यानंतर भाऊजी आमच्याकडे आले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, आजपासून तुमची सुटका. माझी पत्रं आता मी वाचणार. सासऱ्यांना वाईट वाटलं. पण मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी त्यांना शेवयांची खीर पाठवली.

आयेला मात्र ही बाई पटली नव्हती. तिला ऐकू येत नसे. मुलगा दिवसभर हातातल्या वस्तूशी मान डोलवतो, हसतो, हे तिला दिसायचं आणि ती खुणेने मला विचारायची, कोण ती? मी दोन्ही हात हवेत उडवायची. एकदा तिने त्यांनाच विचारलं, "सून आणलीस काय रे?" त्यांनी तिचा तळवा हातात घेऊन त्यावर बोटाने दोनदा टिचकी मारली. ती त्यांची 'होय'ची खूण होती. आये आठ दिवस सगळ्यांना सांगत होती, शांबाने लग्न केलं, पण सून खोलीबाहेर येत नाही.

बाई धड बोलत होती त्या वर्षांत भाऊजींनी काय काय केलं! एकटे डिचोलीला जायचे, बसस्टँडवर फोन गाडीच्या पाटीसमोर धरायचे, बाई पाटी वाचायची, साखळी, म्हापसा, पणजी, आणि हे रुबाबात चढायचे. बँकेचं, विजेच्या बिलाचं, आयेच्या औषधांचं, सगळं स्वतः. आणि देवळाच्या सप्ताहाचे पार त्यांच्याकडे आले.

श्रावणात आमच्या देवळात सात दिवस अखंड भजन असतं. एक क्षणही खंड पडायचा नाही. गावोगावची भजनी मंडळं तीन-तीन तासांची पाळी वाटून घेतात, त्या पाळीला पार म्हणतात. येणाऱ्या मंडळाने समईभोवती उभं राहून सुरात सूर मिळवायचा, जाणाऱ्यांच्या हातातले टाळ चालू असतानाच हातात घ्यायचे, आणि मगच जाणाऱ्यांनी बाहेर पडायचं. टाळ जमिनीवर टेकता कामा नये. कुणी कधी यायचं हे ठरवणं, कळवणं, आयत्या वेळी कुणाच्या घरी सोयर-सुतक आलं तर अदलाबदल करणं, हे सगळं एका माणसाने सांभाळायचं असतं. हे काम भाऊजींनी फोनवर आठ वर्षं केलं. एकटा माणूस सोप्यावर बसून छप्पन्न पार हलवायचा. कुणाचे डोळे उसने घ्यावे लागले नाहीत. देवळाचे अध्यक्ष दर वर्षी समारोपाला नारळ द्यायचे, तो नारळ भाऊजी फोडत नसत. आठही नारळ देव्हाऱ्याखाली रांगेत ठेवलेले मी पाहिलेत. बऱ्याच जणांनी म्हटलं, सुकून जातील. जाऊ देत म्हणाले.

मग बाई बिघडू लागली.

एकदम नाही. फोन आपला आपणच काहीतरी नवीन घालून घेतो ना, तसं काहीतरी झालं आणि एका सकाळी बाई मराठी अक्षर आलं की गप्प. इंग्रजी वाचायची, आकडे वाचायची, मराठी आलं की श्वासही नाही. चार दिवसांनी आपोआप बोलू लागली. पुढच्या वेळी बोलायची, पण अर्धवट. भाऊजी बोट फिरवायचे आणि ती म्हणायची, "बटण. बटण. बटण." कसलं बटण, त्याचं नाव गायब. बँकेतून आकडे यायचे ते ती वाचेपर्यंत मुदत संपलेली. बोट एका नावावर असायचं आणि टिचकी लागायची खालच्या नावाला. एकदा आयेच्या रक्तातल्या साखरेचा निरोप डॉक्टरऐवजी मुळगावच्या भजनी मंडळाच्या बुवांना गेला. त्यांनी काळजीने फोन केला तेव्हा कळलं.

त्यांनी कंपनीला फोन लावला. मी तिथेच होते, आयेसाठी पेज घेऊन गेले होते. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारत होती, सर, वर उजव्या कोपऱ्यात निळी खूण दिसते का? भाऊजी म्हणाले, "बाळ, दिसली असती तर तुला फोन कशाला केला असता?" आणि मग तिचीच माफी मागितली, तुझी चूक नाही म्हणाले. पत्रं लिहिली, त्यांना छापील आभार आले. नवीन फोन घेतला, तर त्याला खालचं एकुलतं एक दाबायचं बटणही नव्हतं, सगळी गुळगुळीत काच. त्यांच्यासारख्या इतर लोकांना विचारलं, सगळ्यांची तीच रड. मी चिडायची. म्हणायची, कोण ही माणसं, चालतं ते मोडतात कशाला? भाऊजी म्हणाले, "त्यांना दिसतं ना वहिनी. दिसणाऱ्याला मोडलेलं दिसत नाही हे."

आणि मग ते मागीलदारी येऊ लागले. आधी खाकरायचे. मग म्हणायचे, "वहिनी, एक मिनिट आहे?" नेहमी एकच मिनिट. निरोप गेला का बघा, हे बटण कसलं ते सांगा, इथे काय लिहिलंय वाचा. मी बघायची. मनापासून बघायची, सुरुवातीला. मग आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. माझेही हात कामात असायचे. एखादवेळी माझ्या तोंडून निघायचं, आता काय? ते लगेच, "काही नाही, नंतर बघू," आणि परत फिरायचे. मला वाटायचं, बरं झालं. खरं सांगते, असंच वाटायचं.

एक दिवस पोदेर मला म्हणाला, शांबाबाब सोमवारी आणि गुरुवारी माझ्याकडून बँकेचे निरोप वाचून घेतात. पोस्टमन म्हणाला, मंगळवारी माझ्याकडून. मी जुळवून बघितलं, तर माझ्याकडे ते बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी येत होते. या माणसाने आम्हा सगळ्यांच्या पाळ्या लावल्या होत्या! कुणावर भार पडू नये म्हणून, कुणाकडे एका दिवसात दोनदा जावं लागू नये म्हणून. आम्हाला कुणाला न सांगता. मी ह्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, आता कळत नाही.

त्या वर्षीच्या सप्ताहात चौथ्या दिवशी दुपारचा पार पेडण्याकडच्या एका मंडळाचा होता. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, आमच्यात सुतक आलंय, येऊ शकत नाही. भाऊजींनी क्षणात ठरवलं, मुळगावच्या मंडळाला संध्याकाळऐवजी दुपारी बोलवायचं आणि संध्याकाळी आपल्या वाड्यावरची माणसं उभी करायची. मुळगावचे बुवा कारखान्यात कामाला. कामाच्या वेळात त्यांचा फोन बंद असतो, सुटल्यावर ते निरोप बघतात आणि उत्तर न देता वेळेवर हजर होतात, अशी त्यांची जुनी रीत. म्हणून भाऊजींनी निरोप लिहिला. टिचकी मारली. बाई काहीच बोलली नाही. परत मारली. बाई म्हणाली, "बटण."

तो शुक्रवार होता. ते माझ्याकडे आले.

मी पातोळ्या करत होते. सप्ताहाच्या माणसांना द्यायच्या, म्हणजे शंभरावर. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पातळ थापायचं, वर गूळखोबरं घालायचं आणि पान दुमडायचं. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. चुलीवर मोदकपात्र उकळत होतं, आणि सकाळपासून दहा माणसं दहा गोष्टी विचारून गेली होती. भाऊजी खाकरले. "वहिनी, एक मिनिट आहे? मुळगावला निरोप गेला का तेवढं बघा." आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

मी पानाकडे बघत म्हटलं, "गेला हो, गेला."

ते थोडं थांबले. एखाद-दोन श्वास. मग म्हणाले, "बरं," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरात जेवणाची भांडी आवरत होते. देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. कर्ण्यातून भजन इतकं सतत चालू असतं की तीनचार दिवसांनी ते ऐकूच येईनासं होतं. त्या दुपारी ते मला ऐकू आलं, कारण त्यातले आवाज कमी होत गेले. आधीचं मंडळ बाराला सुटायचं ते साडेबारापर्यंत ताणून उभं राहिलं, मग त्यांची माणसं एकेक करून कामावर गेली. मागे राहिले दोघं म्हातारे आणि भाऊजी. मग एकच आवाज. भाऊजींचा. गळा काही भजनाचा नाही त्यांचा. एकच ओळ, परत तीच ओळ, परत तीच, आणि टाळ. मी जनेलाचं दार ढकलून बाहेर बघत उभी राहिले. तेवढ्यात कर्ण्यातून खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि टाळ खाली पडल्याचा आवाज. मग नुसती घरघर.

वाडाभर सगळ्या घरांची माणसं बाहेर आली. आमचे हे तसेच उघड्या अंगाने देवळाकडे धावले. भजन परत सुरू झालं, पण खंड पडायचा तो पडला होता. आमच्या सासूबाईंच्याही आठवणीत तो कधी पडला नव्हता. माझ्या हातात ओलं ताट होतं आणि मला आतून समजलं होतं की निरोप गेलेला नाही.

नव्हताच गेला. मुळगावचे बुवा संध्याकाळी आपल्या ठरलेल्या वेळी माणसं घेऊन आले आणि देवळातल्या चेहऱ्यांकडे बघतच राहिले. निरोप भाऊजींच्या फोनमध्ये तसाच लिहिलेला होता, न पाठवलेला. बघणाऱ्याला एका नजरेत दिसला असता.

सप्ताह संपल्यावर देवाला गाऱ्हाणं घालून क्षमा मागितली, आणि सभामंडपात बैठक झाली. अध्यक्ष चांगले गृहस्थ. म्हणाले, शांबा, तुझी चूक नाही, यंत्राची आहे. भाऊजी उभे राहिले. म्हणाले, "यंत्राची नाही. खात्री करायचं काम माझं होतं. मी केली नाही." मी बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसले होते. वाड्यावर जिच्या तोंडाला सगळे भितात ती मी. एक शब्द बोलले नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. पुढच्या वर्षापासून पार पंचायतीतल्या कारकुनाकडे द्यायचे ठरले. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे फारच गोड बोलले. भाऊजींना नारळ दिला. तो त्यांनी बाहेर पायरीवर आपटून फोडला आणि तुकडे तिथेच वाटून टाकले.

मला पंधरा दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या सोप्यावर गेले. आये भिंतीला टेकून पेंगत होती. भाऊजी काचेवरून बोट फिरवत होते आणि बाई मधूनच "बटण" म्हणत होती.

मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी मी फोन बघितला नव्हता."

"ठाऊक आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते त्याच सुरात पुढे म्हणाले, "पानावर पीठ थापायचा आवाज थांबला नाही तुमचा. तुमचा श्वासही माझ्या हातावर आला नाही. बघणारा माणूस जरा पुढे वाकतो."

"मग परत का नाही विचारलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. आये जागी झाली. "डोक्यात फोन घालून का नाही विचारलंत मला?"

भाऊजींनी फोन मांडीवर ठेवला. "परत विचारायचं जिवावर येतं, वहिनी. एकदा विचारलं तर माणूस मदत करतो. दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे तू खोटं बोललास असं त्याला सांगणं आलं. आणि मला उद्या परत यायचं असतं त्याच्याकडे." मग थोड्या वेळाने, "संध्याकाळी बुवांना फोन लावायला गेलो, तर बाई पार मुकी. नंबर पाठ आहे, पण आकडे कुठे आहेत ते काचेवर सापडेनात. कचेरीतल्या जुन्या बोर्डावर एका रात्रीत शंभर लावले असते. तुमच्याकडे यावं असं मनात आलं होतं. पण त्या दिवशीचं एकदा विचारून झालं होतं."

मी रडले. त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि रागावलेही नाहीत. आयेने खुणेने विचारलं, काय झालं? भाऊजींनी तिचा तळवा हातात घेतला, आणि मग काय खूण करावी ते न सुचून तसाच धरून ठेवला.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत असं नाही. रविवारी यायचे, आयेची औषधं वाचून घ्यायला. मी हात धुवायची, पुसायची, चष्मा लावायची, फोन हातात घ्यायची आणि मोठ्याने अक्षर न् अक्षर वाचायची. ते ऐकून घ्यायचे आणि आभार मानायचे. 'बाई बोलली म्हणजे झालं' मात्र मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही. त्या थंडीत आये गेली. पेडण्याला कोरगावात त्यांची धाकटी बहीण असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. देव्हाऱ्याखालचे आठ नारळ बहिणीने नेले की टाकले, मी विचारलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी माहेरी मांद्र्याला चालले होते. पेडण्याच्या बसस्टँडवर आमची बस सुटायच्या बेतात होती आणि मी खिडकीशी. बघते तर समोरच्या खांबाला टेकून भाऊजी. अंगात तोच पांढरा शर्ट, दाढी दोन दिवसांची. त्यांच्या पुढ्यात एक बस येऊन थांबली. कंडक्टर खाली उतरून चहाला गेला असावा, ओरडणारं कुणी नव्हतं. भाऊजींनी फोन काढला, गाडीच्या पाटीसमोर धरला आणि उलटा करून कानाशी नेला. परत धरला, परत कानाशी नेला. मला लांबून कळत होतं की बाई बोलत नाही. शेजारी एक गृहस्थ पिशवी घेऊन उभा होता, त्याच्याकडे भाऊजींनी तोंड वळवलं, आणि न विचारताच परत समोर वळवलं.

आमची बस हलली. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "भाऊजी, कोरगावची! समोरची! पाटी वाचली मी, कोरगावच आहे!"

त्यांनी ओळखलं. चेहरा बरोबर माझ्या दिशेने फिरला, हात वर झाला, आणि ते हसले सुद्धा. मग हात खाली घेऊन ते शेजारच्या गृहस्थाकडे वळले आणि त्याला काहीतरी विचारलं. त्याने गाडीच्या पाटीकडे बघितलं, मान हलवून काहीतरी सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी फोन खिशात ठेवला, हाताने दांडा शोधला आणि ते बसमध्ये चढले.